‘डॉन किहोटे’चा प्रभाव प्रकरणागणिक कसा वाचावा: नागपूरच्या वाचनगटांसाठी एक पद्धत

मिगेल दे सर्व्हान्तेस यांच्या ‘डॉन किहोटे’ या कादंबरीवर आपल्याकडे व्याख्यान झाले की दोन गोष्टी हमखास येतात: पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर चालून जाणारा वेडा सरदार, आणि ‘पहिली आधुनिक कादंबरी’ हे बिरुद. मग वक्ता माद्रिदमधील पुतळ्यांकडे वळतो, स्पॅनिश बोलणाऱ्या वीसेक देशांवर या पुस्तकाचा अमीट ठसा आहे असे सांगतो आणि आभारप्रदर्शनाला वाट मोकळी करून देतो. तो ठसा कोणत्या पानावरून उमटला, कोणी उमटवून घेतला आणि त्यासाठी मूळ पुस्तकातील काय बाजूला ठेवले, हे श्रोत्याच्या हाती लागत नाही. नागपुरातील एखाद्या वाचनगटाला हा विषय एका हिवाळ्यात नीट हाताळता यावा, यासाठी पुढील पद्धत सुचवीत आहे.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. एका बैठकीत कादंबरीतील एक किंवा दोन प्रकरणे वाचावीत आणि त्यांच्याशेजारी त्यांतूनच निघालेली स्पॅनिशभाषक जगातील एखादी घटना, प्रथा किंवा साहित्यकृती ठेवावी. नंतर तीन प्रश्न विचारावेत: कोणता भाग उचलला, कोणी व कोणत्या साली उचलला, आणि काय वगळले. यांपैकी तिसरा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण प्रत्येक देशाने आपापल्या सोयीचा डॉन किहोटे निवडला आहे आणि ती सोय वगळलेल्या भागातच उघडी पडते.

प्रत, वेळ आणि जागा

कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये व दुसरा १६१५ मध्ये माद्रिदला छापला गेला. पहिल्या भागात ५२ आणि दुसऱ्यात ७४ प्रकरणे आहेत. इंग्रजीतून वाचणाऱ्या गटाने एडिथ ग्रॉसमन यांचे २००३ चे भाषांतर घ्यावे, ते मोठ्याने वाचायला सोपे जाते. पैसे खर्च करायचे नसतील तर जॉन ऑर्म्सबी यांचे १८८५ चे भाषांतर इंटरनेटवर विनामूल्य आहे, फक्त त्याची वाक्ये लांबलचक आहेत. जुन्या वाचनालयाच्या यादीत शोधताना ‘डॉन क्विक्झोट’ हे रूपही पाहावे, नाहीतर कपाटात असलेले पुस्तक यादीत सापडत नाही. भाषांतर कोणतेही असो, सर्वांनी एकच घ्यावे. चार जणांच्या हातांत चार भाषांतरे असली की निम्मी बैठक ओळी जुळवण्यात जाते.

दिवाळीनंतर प्रारंभ करून २३ एप्रिलला समारोप करणे सोयीचे. सर्व्हान्तेस यांचा मृत्यू २२ एप्रिल १६१६ रोजी झाला आणि दफन दुसऱ्या दिवशी, आणि २३ एप्रिल हाच आता जागतिक पुस्तक दिन आहे. सर्व्हान्तेस आणि शेक्सपिअर एकाच दिवशी वारले, हे विधान मात्र गटातील कोणी तरी करणारच. तेव्हा स्पेनमध्ये आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळी कालगणना चालू होती व दोन तारखांत दहा दिवसांचे अंतर होते, हे संयोजकाने तयार ठेवावे.

मार्चच्या मध्यापर्यंत खोलीत बसता येते. पुढे कूलर सुरू झाला की मोठ्याने वाचणे व्यर्थ होते, कारण आपल्याकडच्या कूलरच्या घरघरीत तिसऱ्या खुर्चीपर्यंतही शब्द पोहोचत नाही आणि कूलर बंद केला तर माणसे बसत नाहीत. म्हणून शेवटच्या बैठका सूर्यास्तानंतर गच्चीवर घ्याव्यात.

प्रारंभ: पुस्तकाच्या आधी पोहोचलेला माणूस

पहिल्या बैठकीत लेखकाच्या चरित्रावर फार वेळ घालवू नये. १५४७ चा जन्म, १५७१ च्या लेपान्तोच्या सागरी लढाईत डाव्या हाताला झालेली दुखापत, १५७५ ते १५८० अल्जियर्समधील कैद आणि नंतर सरकारी धान्यवसुलीची रखडणारी नोकरी, एवढे पुरे. एक गोष्ट मात्र अवश्य सांगावी. १५९० मध्ये सर्व्हान्तेस यांनी अमेरिकेतील रिक्त सरकारी पदांसाठी राजाकडे अर्ज केला होता आणि ‘इकडेच काही तरी शोधावे’ अशा अर्थाचा शेरा मारून तो फेटाळला गेला. लेखकाला ज्या खंडात जाऊ दिले नाही, त्या खंडात त्याचे पुस्तक छापले गेले त्याच वर्षी जहाजांतून शेकडो प्रतींनी गेले. कल्पित शौर्यकथा अमेरिकेत नेण्यास १५३१ पासून राजाज्ञेने बंदी होती, हे लक्षात घेतले तर या प्रवासातील गंमत अधिक कळते.

या बैठकीसाठी पहिल्या भागातील पहिले आणि आठवे प्रकरण वाचावे. पवनचक्क्यांचा जगप्रसिद्ध प्रसंग आठव्या प्रकरणाच्या आरंभी येतो आणि दोनेक पानांत संपतो. बहुतेकांना हे ठाऊक नसते. त्याच्याशेजारी पेरूमधील पाउसा या आडवळणाच्या गावातील १६०७ चा उत्सव ठेवावा. नव्या व्हाइसरॉयच्या नेमणुकीनिमित्त तेथे घोडेस्वारांच्या स्पर्धा झाल्या आणि त्यांत एक जण डॉन किहोटे बनून, त्याचा सेवक सांचो आणि कादंबरीतलेच पाद्री, न्हावी व राजकन्या मिकोमिकोना यांच्यासह मिरवणुकीत उतरला. पुस्तक निघून जेमतेम दोन वर्षे झाली होती. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांत त्या वर्षी लोकांच्या तोंडी असलेला विषय जसा अचूक येतो, तसाच हा किहोटे त्या मिरवणुकीत आला. तेथे तो हसण्याचा विषय होता. त्याचे उदात्तीकरण पुष्कळ नंतरचे आहे आणि गटाने हा क्रम विसरू नये. पाउसाच्या लोकांनी वगळले ते दुःख. त्यांना सरदाराचा अवतार हवा होता, त्याच्या फासळ्यांचे मोडणे नको होते.

नवव्या प्रकरणाला पूर्ण बैठक द्यावी

आठवे प्रकरण दोन उगारलेल्या तलवारींवर अचानक थांबते, कारण पुढची हकीकत उपलब्ध नाही, असे निवेदक सांगतो. नवव्या प्रकरणात तो तोलेदोच्या बाजारात उभा आहे. एक पोरगा जुन्या वह्या रेशीमवाल्याला विकायला आणतो. निवेदकाला रस्त्यावरची फाटकी कागदेही वाचण्याची खोड असल्याने तो एक वही उचलतो. लिपी अरबी. जवळच भेटलेला एक भाषांतरकार समासातील एक टीप वाचून हसू लागतो: या हकीकतीत वारंवार येणाऱ्या दुल्सिनेयाचा, म्हणजे किहोटेने मनोमन मानलेल्या प्रेयसीचा, डुकराचे मांस खारवण्यात साऱ्या ला मान्चा प्रांतात हात धरणारे कोणी नाही, असे म्हणे! निवेदक अर्ध्या रेआलला सगळ्या वह्या विकत घेतो आणि भाषांतरकाराला मोबदला म्हणून दोन आरोबा मनुका व दोन फानेगा गहू देऊ करतो. आरोबा म्हणजे साधारण साडेअकरा किलो, हे वाचकाने मध्येच सांगावे, म्हणजे मनुकांचा ढीग डोळ्यांसमोर येतो. त्या मजुरीवर दीड महिन्यात झालेले भाषांतर म्हणजेच आपण वाचत असलेली कादंबरी, आणि तिचा मूळ लेखक सिदे हामेते बेनेन्हेली नावाचा अरब इतिहासकार.

हे प्रकरण दोन जणांनी वाटून वाचावे, एकाने निवेदकाचे आणि दुसऱ्याने भाषांतरकाराचे. त्यानंतर पाच मिनिटेही न थांबता अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांची ‘पिएर मेनार, किहोटेचा लेखक’ ही कथा घ्यावी. ती १९३९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या ‘सूर’ या नियतकालिकात आली. त्यातील कल्पित फ्रेंच लेखक मेनार ‘डॉन किहोटे’ची नक्कल करीत नाही. तो स्वतःच्या डोक्यातून, अक्षर न् अक्षर तसाच, पुन्हा लिहू पाहतो, आणि त्याला जमतात ती पहिल्या भागातील ९ वे व ३८ वे प्रकरण आणि २२ व्याचा एक तुकडा. मूळ नववे प्रकरण कानांत ताजे असताना ही कथा ऐकली की बोर्हेस यांनी नववेच का निवडले, हे समजावून द्यावे लागत नाही. ज्या प्रकरणात सर्व्हान्तेस यांनी स्वतःचे लेखकपण दुसऱ्याच्या नावे केले, तेच प्रकरण तिसऱ्याने लिहिल्याचे नाटक येथे होते. त्या प्रकरणातील, सत्याची माता इतिहास आहे, हे वाक्य कथेत दोनदा येते, दोन्ही वेळा शब्दशः तेच, आणि निवेदक गंभीरपणे सांगतो की सतराव्या शतकातील माणसाने लिहिले तेव्हा ती नुसती अलंकारिक स्तुती होती आणि विसाव्या शतकातील माणसाने लिहिल्यावर तो चक्रावून टाकणारा विचार झाला.

येथे तिसरा प्रश्न विचारल्यास चर्चा चांगली रंगते. मेनारच्या किहोटेत मनुकांचा वास उरतो का? मला वाटते, उरत नाही. अर्जेंटिनाच्या या थोर लेखकाने पुस्तकातील बुद्धीचा खेळ घेतला आणि घाम, मार व भूक मागे ठेवली. गटातील कोणी याच्या नेमके उलट मत मांडले तर त्याला पुरता वेळ द्यावा.

क्रांतिकारकांचा किहोटे

चे गेव्हारा यांनी १९६५ मध्ये आईवडिलांना लिहिलेल्या निरोपाच्या पत्रात, आपल्या टाचांखाली पुन्हा रोसिनान्तेच्या फासळ्या जाणवत आहेत आणि ढाल घेऊन आपण पुन्हा वाटेला लागत आहोत, असे म्हटले. रोसिनान्ते म्हणजे किहोटेचा हडकुळा घोडा. क्युबात त्याआधीच, १९६० मध्ये, क्रांतीनंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुद्रणालयाने छापलेले पहिले पुस्तक हेच होते: चार खंड, एक लाख प्रती, प्रत्येक खंड २५ सेंतावोंना. हवानाच्या वेदादो भागात १९८० पासून नग्न, उधळत्या घोड्यावर बसलेल्या किहोटेचे तारांचे शिल्पही आहे. व्हेनेझुएलाच्या सरकारने २००५ मध्ये, पुस्तकाच्या चारशेव्या वर्षी, दहा लाख प्रती फुकट वाटल्या.

या बैठकीसाठी पहिल्या भागातील ४ थे, २२ वे आणि ३१ वे ही प्रकरणे एकत्र वाचावीत, सुटी वाचू नयेत. चौथ्यात किहोटे झाडाला बांधून मार खाणाऱ्या आन्द्रेस या पोराला मालकाच्या तावडीतून सोडवतो आणि मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवून निघून जातो. त्याची पाठ वळताच पोराला आधीपेक्षा अधिक मार बसतो. बाविसाव्यात तो साखळदंडात चाललेल्या कैद्यांना मुक्त करतो, आणि तेच कैदी त्याला व सांचोला दगडांनी झोडपून काढतात. एकतिसाव्यात आन्द्रेस पुन्हा भेटतो व हात जोडून विनवतो की, माझे तुकडे होताना दिसले तरी यापुढे मला मदत करू नका. राज्य उलथवून टाकणाऱ्यांनी या पुस्तकातून सुटकेचा क्षण घेतला, हे समजण्यासारखे आहे. सुटलेल्यांचे पुढे काय झाले, ती पाने त्यांच्या भाषणांत येत नाहीत. असे असूनही एक लाख घरांत संपूर्ण पुस्तक गेले आणि त्यात ३१ वे प्रकरणही होते. ज्याला वाचायचे त्याने ते वाचलेच असेल.

दुसरा भाग, आणि सांचोचे राज्य

दुसऱ्या भागासाठी निदान तीन बैठका ठेवाव्यात. त्यांपैकी एकीत ५९ वे प्रकरण घ्यावे. १६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणी तरी कादंबरीचा नकली दुसरा भाग छापला. खऱ्या दुसऱ्या भागात किहोटेला एका खाणावळीत त्या नकली पुस्तकाची बातमी लागते, आणि त्यातील किहोटे सारागोसाला गेला असे कळताच हा तेथे जाण्याचा बेत रद्द करून बार्सेलोनाची वाट धरतो. पुढचे प्रकरण आपणही लिहावे, हा मोह पुढे अनेकांना झाला. इक्वेडोरचे हुआन मोन्ताल्व्हो यांचे, सर्व्हान्तेस लिहायचे विसरले ती प्रकरणे, अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत सहज मिळत नसल्याने केवळ उल्लेखावर भागवावे.

एका ड्यूकने थट्टेखातर सांचोला दिलेल्या बारातारिया या नकली ‘बेटा’वरील त्याच्या राज्यकारभारासाठी डिसेंबर महिना राखून ठेवावा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेले असते, शहरभर सरकारी गाड्यांची आणि मोर्चांची वर्दळ असते, आणि त्या दिवसांत या प्रकरणांवर बोला असे कोणाला सांगावे लागत नाही. ४५ व्या प्रकरणात सांचो न्यायनिवाडा करतो: कर्जदार म्हातारा आपली काठी सावकाराच्या हाती देऊन पैसे परत केल्याची शपथ घेतो, आणि सांचो ती काठी फोडायला लावतो तेव्हा आतून दहा सोन्याचे एस्कुदो निघतात. ४७ व्यात राजवैद्य त्याच्यापुढचे एकेक ताट प्रकृतीच्या नावाखाली उचलून नेतो. ५३ व्यात तो राजीनामा देतो, गाढवाच्या कपाळाचे चुंबन घेतो, आणि निघताना गाढवासाठी थोडे सातू व स्वतःसाठी अर्धे चीज आणि अर्धी भाकरी एवढेच मागतो. रिकाम्या हाताने आलो, रिकाम्या हाताने जातो, असे सांगणारा हा राज्यपाल स्पॅनिश राजकीय लेखनात उपहासासाठी आजही वापरला जातो. मात्र तेथे बहुधा नकली बेट आठवले जाते आणि त्याने केलेला खरा न्याय विसरला जातो.

खोट्या अवतरणांची वही

गटातील एकाने पहिल्या दिवसापासून वेगळी वही ठेवावी. ‘कुत्री भुंकत आहेत सांचो, याचा अर्थ आपण पुढे चाललो आहोत’ हे वाक्य स्पॅनिशभाषक जगात राजकारण्यांच्या तोंडी नेहमी असते आणि समाजमाध्यमांवर ते किहोटेच्या नावे फिरते. कादंबरीत ते कोठेही नाही. ‘चर्चशी गाठ पडली’ हे दुसरे. ते आज धर्मसत्तेविरुद्ध टोमणा म्हणून वापरतात. दुसऱ्या भागाच्या ९ व्या प्रकरणात मात्र रात्रीच्या अंधारात तोबोसो गावात दुल्सिनेयाचा वाडा शोधताना समोर गावातले चर्च लागते आणि किहोटे तेवढेच सांगतो. पडताळणीसाठी सर्व्हान्तेस संस्थेच्या आभासी केंद्राच्या संकेतस्थळावर संपूर्ण स्पॅनिश पाठ उपलब्ध आहे. स्पॅनिश येत नसले तरी एखादा शब्द शोधता येतो. दक्षिण अमेरिकेचे स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार यांच्या नावे सांगितला जाणारा, ख्रिस्त, किहोटे आणि मी हे इतिहासातील तीन महामूर्ख, हा उद्गारही सांगोवांगीच्या पानावरच लिहावा. पण अशी वाक्ये फेकून देऊ नयेत. पुस्तक न वाचलेल्या माणसापर्यंत पुस्तक कोणत्या रूपात पोहोचते, ते त्यांतून दिसते.

मेक्सिकोसाठी अर्धी बैठक पुरे, पण एउलालियो फेरेर यांची हकीकत सोडू नये. स्पेनमधील यादवी युद्धानंतर फ्रान्समधील निर्वासितांच्या छावणीत असताना त्यांनी सिगारेटींच्या बदल्यात ‘डॉन किहोटे’ची प्रत मिळवली. पुढे मेक्सिकोत जाहिरात व्यवसायात नाव कमावून त्यांनी किहोटेविषयक कलावस्तूंचा मोठा संग्रह केला, आणि त्यातून १९८७ मध्ये ग्वानाहुआतो येथे संग्रहालय उभे राहिले. त्याच शहरात १९५३ पासून विद्यार्थी सर्व्हान्तेस यांच्या छोट्या प्रहसनांचे प्रयोग चौकांत करू लागले होते आणि १९७२ पासून तेथे आंतरराष्ट्रीय सर्व्हान्तेस महोत्सव भरतो. म्हणजे त्या महोत्सवाचे मूळ कादंबरीत नसून नाटुकल्यांत आहे.

शेवटची बैठक, २३ एप्रिल

दुसऱ्या भागाचे ७४ वे प्रकरण शेवटी वाचावे. किहोटे अंथरुणावर शुद्धीवर येतो, शौर्यकथांचा धिक्कार करतो, मृत्युपत्र लिहवतो, आणि सांचो रडत रडत त्याला मरू नका, मेंढपाळ होऊन रानात जाऊ, असे सांगतो. याच्याशेजारी स्पॅनिश लेखक मिगेल दे उनामुनो या एकाच माणसाची दोन मते ठेवावीत. क्युबा ही वसाहत स्पेनच्या हातून जात असताना, १८९८ मध्ये, त्यांनी ‘डॉन किहोटे मरो’ असा लेख लिहिला, कारण वेड सोडून शहाणा झालेला आलोन्सो किहानो (हे किहोटेचे खरे नाव) त्यांना स्पेनसाठी हवा होता. १९०५ मध्ये त्यांनीच किहोटे आणि सांचो यांचे चरित्र लिहून वेडाची बाजू घेतली. त्याच वर्षी निकाराग्वाचे कवी रुबेन दारिओ यांनी किहोटेला संत मानून प्रार्थनेच्या चालीची कविता रचली आणि तीत इतर संकटांबरोबर अकादम्यांपासूनही सुटका मागितली. ती कविता गच्चीवर मोठ्याने वाचायला उत्तम आहे.

माद्रिदमध्ये १९९७ पासून या सुमारास संपूर्ण कादंबरीचे सुमारे ४८ तास अखंड वाचन होते. आपण तीन तास ठरवावेत. प्रत्येकाने दहा मिनिटे वाचावे आणि मध्ये टाळ्या नसाव्यात. रामटेकच्या संस्कृत विश्वविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला बोलावता आल्यास जरूर बोलवावे. नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर जाडू या काश्मिरी पंडितांनी एका अमेरिकी संग्राहकाच्या विनंतीवरून, इंग्रजीवरून, १९३० च्या दशकात पहिल्या भागातील आठ प्रकरणांचे संस्कृत भाषांतर केले होते. ते हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून राहिले आणि २०१९ मध्ये प्रकाशित झाले. त्यातील एक उतारा इंग्रजीच्या आधी ठेवावा, नंतर नाही, कारण नंतर ठेवला तर लोक अर्थ जुळवत बसतात आणि संस्कृत ऐकत नाहीत.

वेळ कमी पडू लागला तर पहिल्या भागातील आठवे प्रकरण खुशाल गाळावे, ते सर्वांना माहीतच असते. त्यानंतर दुसऱ्या भागातील ४७ वे गाळावे. पहिल्या भागातील नववे व एकतिसावे आणि दुसऱ्यातील त्रेपन्नावे मात्र कोणत्याही परिस्थितीत गाळू नये, आणि चौऱ्याहत्तरावे वाचायला ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, असा माणूस आधीच ठरवून ठेवावा.